नाना सहीला का अडतो? नौपाड्यातल्या एका पटकथेचं प्रकरण

पटकथा एका ओळखीच्या मुलीची आहे, ठाण्यातलीच, तिला विचारूनच लिहितोय. तिचं आणि फिल्मचं नाव देत नाही कारण स्क्रिप्ट अजून प्रोड्यूसरकडे फिरतेय. माझं काम स्क्रिप्ट वाचून नोट्स काढायचं. या केसमध्ये जे हाती लागलं ते पात्रांवर डोकं फोडणाऱ्या कुणालाही कामाला येईल म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

गोष्ट अशी. ठाण्यातल्या नौपाड्यातली 1974 ची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, 12 बिऱ्हाडं. सेक्रेटरी नाना, वय 71, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेला, बायको माई काही वर्षांपूर्वी गेलेली, घरात मुलगा मिलिंद, सून प्राची आणि नातू. रिडेव्हलपमेंटचा प्रस्ताव येतो, सगळे तयार, नाना सही करत नाही. पहिला ड्राफ्ट 112 पानांचा होता, आणि एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा नेहमीचा हिशोब धरला तर नाना दीड तासाच्या वर नुसता "नाही" म्हणत बसलेला. मग 97 व्या पानावर फ्लॅशबॅक. तरुण नाना आणि माई रिकाम्या घरात जमिनीवर बसून जेवतायत, खिडकीत तुळस, आणि माई म्हणते की घर माणसांचं असतं, भिंतींचं नाही. वर्तमानात परत, नाना डोळे पुसतो, सही करतो, फिल्म संपते.

प्रोड्यूसरने सांगितलं, "नाना रिलेट होत नाही, आर्क स्ट्राँग करा." आर्क म्हणजे पात्राचा बदलत जाण्याचा प्रवास, पण तो स्ट्राँग करा म्हणजे नक्की काय करा हे कुणी सांगत नाही, ते लिहिणाऱ्याने घरी जाऊन शोधायचं. तिने जे बहुतेक सगळे करतात तेच केलं, नानाचं चरित्र लिहून काढलं. जन्म, शाळा, गिरणीत असलेले वडील, माईशी लग्न कसं ठरलं, पहिला पगार, सगळं, आणि चांगलं लिहिलं होतं बरं का, पण त्यातलं जमेल तितकं तिने स्क्रिप्टमध्ये भरलं आणि त्यामुळे फ्लॅशबॅक एकाचे तीन झाले. नानाबद्दल आपल्याला माहिती भरपूर मिळायला लागली आणि नाना होता तिथेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नरेशनला, म्हणजे प्रोड्यूसरला गोष्ट सांगायच्या बैठकीत, फ्लॅशबॅक फार चालतो. लिहिणारी व्यक्ती समोर बसून आवाज खाली आणून सांगते, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, म्हणून लेखकाला वाटतं हाच आपला हुकमी सीन. पडद्यावर मात्र त्या वेळी मुख्य पात्र काहीच करत नसतं, आठवत असतं, आणि क्लायमॅक्सच्या तोंडावर आठवत बसलेलं पात्र म्हणजे थिएटरात लोक मोबाईल काढणार.

मी तिला एकच काम दिलं. नाना पूर्ण स्क्रिप्टमध्ये स्वतःहून जे जे ठरवतो ते एका कागदावर लिही, त्याच्या बाबतीत घडणाऱ्या गोष्टी वगळून. ती लिहायला बसली आणि कागदावर दोनच ओळी आल्या. सही करायची नाही असं ठरवतो. सही करायची असं ठरवतो. मधल्या नव्वद पानांत लोक त्याला समजावतात, मुलगा भांडतो, बिल्डरचा माणूस धमकी देतो, जिन्यातलं प्लास्टर पडतं, आणि हे सगळं त्याच्यावर नुसतं येऊन आदळतं. अशा पात्राचा प्रवास होतच नाही, 97 व्या पानावर कुणीतरी बटण दाबतं आणि तो बदलतो.

मग दुसरा प्रश्न: सही न करून नानाला मिळतं काय? "आठवणी" हे तिचं उत्तर मी घेतलं नाही, आठवणी नव्या फ्लॅटमध्येही नेता येतात. बराच वेळ गाडी हलेना, तेवढ्यात तिने स्वतःच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी डोळ्यासमोर आणले आणि बोलत सुटली. पाण्याच्या मोटरची चावी त्यांच्याकडे, गच्चीची चावी त्यांच्याकडे, कुणाकडे पाहुणे आले की गाडी कुठे लावायची ते हे सांगणार, मेंटेनन्सच्या पावत्या स्वतःच्या अक्षरात लिहिणार, आणि पाणी जाणार असेल तर फळ्यावर खडूने वेळ लिहिणार. मिळालं! नाना आयुष्यभर स्टोअरकीपर होता, त्याच्या सहीशिवाय स्टोअरमधून एक बोल्ट बाहेर जात नव्हता, रिटायर झाल्यावर ती खुर्ची गेली आणि सोसायटीची मिळाली. टॉवर झाला की मॅनेजर येणार, सिक्युरिटी एजन्सी येणार, लिफ्टवाल्याचं वार्षिक कंत्राट येणार, आणि नाना सतराव्या मजल्यावरचा एक मेंबर होणार. त्याला घर सोडायचं नाहीये हे वरवरचं कारण, आपल्यावाचून ही बिल्डिंग चालेल हे त्याला बघायचं नाहीये. पटकथेच्या भाषेत पहिलं म्हणजे त्याला हवं असलेलं, आणि ज्याची त्याला गरज आहे ते म्हणजे चावी हातात नसतानाही आपण कुणीतरी आहोत हे कळणं. माईच्या तुळशीपेक्षा मला ही मोटरची चावी शंभरपट जास्त सांगते.

यानंतर जो पेच निघाला तो कायद्याचा होता, आणि खरं सांगायचं तर अर्धी स्क्रिप्ट त्यानेच सुटली. पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळं एका सहीवर अडलेलं. पण राज्य सरकारच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे रिडेव्हलपमेंटला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची लेखी संमती लागते. 12 जणांत 7 झाले की पुरे, एकट्या नानाच्या सहीला कोण विचारतो! ठाण्यात आज प्रत्येक गल्लीत एक पत्रे मारलेला प्लॉट आहे, प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांनी स्वतः त्या मीटिंगा केल्यात, त्यांना ही चूक दहाव्या मिनिटाला कळेल आणि पुढचं काहीच खरं वाटणार नाही. लेखिका हिरमुसली, म्हणाली, "दादा, मग तर गोष्टच संपली." मी म्हटलं संपली कुठे, आत्ता सुरू होतेय, कारण त्याच शासन निर्णयात सभेच्या कोरमचीही अट आहे, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश. म्हणजे 12 पैकी 8. संमतीला 7 पुरतात पण सभा भरायला 8 लागतात. तिने चार फ्लॅट गैरहजर करून टाकले: एकाचा मालक अमेरिकेत, एकावर दोन भावांची कोर्टकेस, एकात भाडेकरू आणि मालक फोन न उचलणारा, एक आजारी. राहिले 8, आणि त्यातला आठवा नाना. आता त्याने सही केली नाही तरी चालेल, त्याने फक्त येऊन बसायला हवं. पात्र आधी की कथानक आधी यावर लोक अरिस्टॉटलपासून वाद घालतायत, तो कथानकाच्या बाजूचा, पण इथे कोरमच्या एका नियमाने दोन्ही एकदम हातात दिलं.

आता नानाचे निर्णय. आम्ही एकच कसोटी ठेवली, प्रत्येक निर्णय आधीच्यापेक्षा महाग पडला पाहिजे, आणि तो त्याने स्वतः घेतलेला असला पाहिजे.

सुरुवात स्ट्रक्चरल ऑडिटपासून. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं, त्याप्रमाणे झालंय, आणि इंजिनिअर रिपोर्ट नानाच्या हातात देऊन सांगतो की सी वन आलंय. सी वन म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा. महापालिका पावसाळ्याआधी दरवर्षी अशा इमारतींची यादी काढते, आणि सी वन म्हटल्यावर पाणी, वीज तोडण्यापर्यंत गोष्ट जाते. नाना रिपोर्ट गोदरेजच्या कपाटात पावती पुस्तकांखाली ठेवतो आणि म्हणतो, जनरल बॉडीत मांडू. अजून त्याला काही मोजावं लागलेलं नाही, दोन दिवस थांबलं तर काय होतंय असा भाव. पुढचा निर्णय पैशाचा: स्वतःची एफडी मोडून तो जिन्यातल्या भेगा बुजवून घेतो, वर रंग मारून घेतो, आणि मेंबर लोक खूश की सेक्रेटरींनी पदरचे पैसे घातले. हे मला फार आवडलं, कारण इथे त्याचं खोटं आणि त्याचं चांगलपण एकाच कामात येतं, वेगळं काढता येत नाही.

मग इंटरव्हल. आपल्याकडच्या फिल्मला इंटरव्हल असतो आणि परदेशी पुस्तकांतल्या तीन अंकी आराखड्यात त्याला जागाच नाही, त्यामुळे आपले लेखक तिथे एखादा मोठा आवाज ठेवून देतात. पहिल्या ड्राफ्टमध्ये जिन्यातलं प्लास्टर कोसळून तळमजल्यावरच्या पोराचा हात मोडतो आणि इंटरव्हल. अपघाताने प्रेक्षक दचकेल, पण पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून नानाबद्दल काय बोलेल? आम्ही अपघात सहा पानं आधी नेला. पोराला दवाखान्यात नेऊन आणल्यावर सगळे जिन्यात जमलेत, पोराची आई विचारते, "नाना, ऑडिट झालं होतं ना? रिपोर्टमध्ये काय होतं?" आणि नाना सगळ्यांसमोर, पोराच्या हाताकडे बघत म्हणतो, "रिपोर्ट अजून आलेला नाही." कट, इंटरव्हल. आता बाहेर गेलेला माणूस वाद घालत परत येईल.

इथे लेखिकेला भीती वाटली आणि ती रास्त होती. 2015 च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यातच बी केबिनला जुनी इमारत पडली होती, माणसं गेली होती, इथल्या लोकांच्या ते लक्षात आहे. असा रिपोर्ट दडवणाऱ्या म्हाताऱ्यावर कोण प्रेम करणार? बऱ्याच ठिकाणी अशा वेळी पात्राला गोड करतात, कुत्र्याला बिस्किट घाल, नातवाला खांद्यावर घे. ते नको म्हटलं. त्याऐवजी त्याला कळतंय हे दाखवू. रात्री सगळे झोपले की नाना बॅटरी घेऊन खाली उतरतो, पार्किंगच्या कॉलमला भेग आहे तिच्या दोन टोकांना पेन्सिलची खूण करतो, बाजूला बारीक अक्षरात तारीख घालतो, आणि स्टोअरकीपरच्या वहीत भेगेची लांबी लिहितो. दुसऱ्या वेळी येतो तेव्हा भेग खुणेच्या पुढे गेलेली असते. तो नवी खूण करतो, नवी तारीख. संवाद नाही, संगीत नको असंही तिने लिहून ठेवलंय. लबाड माणूस भेग मोजत बसणार नाही, हा मोजतो म्हणजे त्याला भीती आहे, आणि तरी सांगत नाही म्हणजे त्याला त्याहून मोठी भीती आहे. यावर मात्र त्याचं वागणं माफ होतं असं मला वाटत नाही, आणि होऊही नये, नुसतं कळलं तरी पुष्कळ.

दुय्यम पात्रांचं काम इथे बदललं. आधी सगळे मिळून एकच वाक्य बोलत होते, नाना सही करा. कुलकर्णी काकूंचंच घ्या, तिसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघे गेलेले. जुना सीन असा होता:

काकू: नाना, जिने चढवत नाहीत हो आता. लिफ्ट असती तर किती बरं झालं असतं.
नाना: काकू, या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आठवणी आहेत. आठवणींना लिफ्ट नसते.

असं कुणी बोलत नाही. निदान नौपाड्यात तरी नाही. नव्या ड्राफ्टमध्ये नानाने प्रत्येक मजल्याच्या वळणावर काकूंसाठी एकेक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. काकू भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर टेकल्यात, नाना वरून उतरतोय.

काकू: ही नवी आणलीत का?
नाना: जुनीचा पाय हलत होता.
काकू: सोसायटीच्या खर्चात टाका हो, पदरचे किती घालाल.
नाना: असू दे.
काकू: (पिशवी मांडीवर घेत) सात झाले, नाना. मोजून सात. तुम्ही आलात तर सभा होईल.
नाना: बघू.
काकू: खुर्ची चांगलीय हो. पण मी खुर्ची नव्हती मागितली.

नाना काही बोलत नाही, खाली जातो. चार पायऱ्या उतरून परत येतो आणि तिची पिशवी उचलून वर नेऊन ठेवतो. हा सीन जेमतेम एक पान आहे. त्यात कोरमचा आकडा प्रेक्षकाला कळतो, जो क्लायमॅक्ससाठी लागणार आहे, काकूंना काय हवंय ते कळतं, आणि नाना माणसांची सोय करतो पण त्यांचं ऐकत नाही हेही कळतं.

बिल्डरचा माणूस समीर, तो आधी काळा गॉगल, गळ्यात चेन, "बघून घेईन" छाप होता. असले असतीलही, पण त्याच्यासमोर नाना आपोआप हिरो होतो आणि आपल्याला तो हिरो करायचा नाहीये. नवा समीर सभ्य आहे, भाड्याचे चेक आगाऊ देतो म्हणतो, कॉर्पस, म्हणजे सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम, लेखी देतो, कागद नीट वाचून घ्या म्हणतो, आणि सतत "सेक्रेटरी साहेब, सेक्रेटरी साहेब" करतो. सभा झाल्यावर दुसऱ्या दिवशी तोच नानाला "काका" म्हणतो. तेवढंच. नानाने काय गमावलं ते त्या एका हाकेत आलं.

मध्यंतरी लेखिका वैतागून म्हणाली होती की नानाला बदलायचंच कशाला, न बदलणारी पात्रं पण असतात की. असतात, आणि उत्तम असतात. पण पात्र ठाम राहून गोष्ट पुढे नेतं तेव्हा त्याचं म्हणणं खरं असावं लागतं आणि भोवतालचं जग चुकलेलं असावं लागतं, मग त्याच्यामुळे बाकीचे बदलतात. इथे बिल्डिंग खरोखर खचतेय. नाना ठाम राहिला तर ती शोकांतिका होईल, ती लिहायची तर लिही, माझी हरकत नाही, पण मग इमारत पाडावी लागेल आणि त्याची जबाबदारी घेऊन लिहावं लागेल. तिला ते नको होतं. मलाही बरं वाटलं.

क्लायमॅक्समध्ये पहिल्यांदा तिने नानाला दोन पानांचं भाषण दिलं होतं. कबुली, माफी, माई, सगळं. ते काढलं. आता असं आहे: सभागृह म्हणजे जवळच्या शाळेचा वर्ग, सहकार निबंधकांकडून आलेला अधिकारी घड्याळ बघतोय, व्हिडिओवाला कॅमेरा लावून कंटाळलाय, हजेरीत सात सह्या. सभा तहकूब होणार. नाना दारात येतो, हातात फाईल. आत येऊन हजेरीच्या रजिस्टरवर सही करतो, म्हणजे अख्खी फिल्म ज्या सहीची वाट बघत होतो ती ही, करारावरची नाहीच. मग फाईल टेबलावर ठेवतो आणि पोराच्या आईला म्हणतो, "रिपोर्ट आला होता. मार्चमध्ये." खाली बसतो. पुढचा आरडाओरडा इतरांचा, त्याला शब्द नाहीत. फिल्मच्या सुरुवातीला ज्याला खुर्ची सोडायची नव्हती त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने ती घालवली, आणि हे त्याला कुणी करायला लावलं नाही, तो नुसता घरी बसून राहिला असता तरी वाचला असता. फ्लॅशबॅक एकही राहिला नाही. माई आता फक्त एका ठिकाणी आहे, पावती पुस्तकाच्या जुन्या पानांवर तिचं अक्षर आहे, कारण नानाचा हात दुखायचा तेव्हा ती पावत्या लिहून द्यायची. ते आपण रिपोर्ट दडवण्याच्या सीनमध्येच ओझरतं बघतो.

अजून न सुटलेली गाठ म्हणजे प्राची. इंटरव्हलनंतर विजेचं बिल शोधताना तिला कपाटात रिपोर्ट सापडतो. नाना तिला म्हणतो, "प्राची, आठ दिवस दे मला. घरातलं घरात राहू दे." ती गप्प राहते, पण मुलाला घेऊन डोंबिवलीला माहेरी जाते. नानाच्या बाजूने हा निर्णय जबरदस्त महाग आहे, नातू गेला, मिलिंदला कारण सांगता येत नाही. पण प्राचीचं काय? स्वतःचं पोर हलवलं आणि तळमजल्यावरचं, हात मोडलेलं पोर तिथेच ठेवलं, हे तिला माहीत आहे. माझं म्हणणं, ते आठ दिवस तिच्यावर हवेत, एखाद्या सीनमध्ये तिने पोराच्या आईला फोन लावावा आणि भलतंच काहीतरी बोलून ठेवून द्यावा. लेखिकेला वाटतं की मग प्रेक्षक नानाला सोडून प्राचीकडे जाईल आणि शेवट विस्कटेल. ती भीती अगदीच फोल नाही. सध्या तो सीन दोन पद्धतीने लिहून झालाय, ड्राफ्ट 104 पानांवर आलाय, आणि प्रोड्यूसरने नव्या नरेशनची वेळ दिलीय पण सोबत निरोपही पाठवलाय की तो तुळशीचा फ्लॅशबॅक छान होता, ठेवता येतो का बघा.